विमानाचा कडता

नाही हो, मले वाढू नका, लाडू तं बिलकुल नको, त्या पोयीवरचं तूप बी वापस घ्या… कायले म्हनजे? तुमी पाहुणे बाहेरगावचे, तुमाले मालूम नसन, पन अख्ख्या मारेगावले मालूम आहे का हा फुलचंद ड्रायव्हर दोन वर्सं झाले पोटभर जेवला नाही. बिमार नाही हो! टीबी नाही मले! पंगत लांब आहे, वाढपी फिरून येईपरेंत सांगतो, ऐका.

आमचे मालक किसनराव, जिनवाले, मी त्यायची लारी चालवतो. सन अठ्ठावन्नले त्यायनं नागपुरात कोन्या पुस्तकात पाह्यलं का विलायतेतून एका मानसाचं विमान खोक्यात भरून येते, तुकडे तुकडे, अन् घरी बसून जोडायचं. झालं! वापस आले ते क्लब काढूनच आले. मारेगाव उडान क्लब. मेंबर सोळा, अन् उडनार एक, काहून का विमानात सीटच एक! मंग त्या सोळाच्या सोळा जनाले जिनातल्या काट्यावर चढवलं, ज्याच्यावर कापूस मोजतेत त्याच काट्यावर, अन् साऱ्यात कमी कोन भरलं? मी. बहात्तर शेर. बाकीच्यायचं सांगत नाही, दोन-चार जन इथंच जेवून राह्यले. मले सहा महिने नागपूरले धाडलं, मी शिकलो, परवाना आनला. अन् तुमाले खरं सांगतो, आमी गोर लोक, म्हनजे बंजारे, माहे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर पायी फिरले, अन् त्यायच्या नातवानं आभायातून जावं… मले झोप लागत नव्हती हो. मले उडायचं होतं, बस. दुसरं काहीच नाही पाह्यजे होतं.

खोकी आली. वनीच्या ठेसनावरून बंडीत टाकून आनली, रस्त्यात बंडी कलंडली, आतल्या पातय पट्ट्या मोडल्या. बोलवा भागीरथा सुताराले! त्यानं जिंदगीभर बंड्या बनवल्या. त्यानं त्यातली एक पट्टी हातात घेतली, डोयासमोर धरली, अन् मले म्हनते, "फुलचंद, हे लाकूड आहे का दात कोरायची काडी? याच्यावर तुले बसवू अन् उद्या तुह्या बायकोले तोंड कसं दाखवू?" मोडल्या तेवढ्याच नाही, साबूत होत्या त्या बी पट्ट्या त्यानं काहाडून फेकल्या अन् सागवान ठोकलं. आपल्या जंगलातलं सागवान आहे, म्हने, शंभर वर्सं हालत नाही. मी म्हनलं, अगा भागीरथा, हालत नाही तं उडन कसं?

आता विलायतच्या कागदावर काय लिवलं होतं, का विमान, पेट्रोल अन् मानूस, सारं मिळून आठ मण. शेरभर जास्त झालं तं उडत नाही. पौंडाचे मण, चाळीस शेराचा एक, आमच्या शायेतल्या मास्तरनं काढून देल्ले होते. आता सागवानानं विमान वाढलं, तं कमी कोन होईन? पेट्रोल कमी करता येत नाही, सागवान काढता येत नाही… सारा क्लब माह्याकडं पाहून राह्यला. अन् किसनराव पाठीवर हात ठेवून एकदम मायेनं म्हनतेत, "फुलचंद, तू जरा हलका हो."

तिथून जे सुरू झालं! मालकानं भोंगा बसवला. कायले? रिवाज आहे, म्हने, गाडीले भोंगा पाह्यजे. आभायात कोनाले वाजवू, घारीले? फुलचंद, तू जरा हलका हो. मंग एक जन पितयेचा मारोती घेऊन आला, चांगला हातभर. देवाले नाही कोन म्हनन? फुलचंद, तू जरा हलका हो. मी रात्रीचं जेवन सोडलं, भात सोडला, मंग सकायची अर्धी भाकर सोडली. घरी बायको बिजलीबाई ताट घेऊन मांगं-मांगं अन् मी समोर-समोर. तिचा बाप धनसिंग खास पाहाले आला, जवाई असा वायला काहून? त्याले सांगतलं का विमानासाठी, तं तो पोरीले म्हनते, चाल घरी, हा भ्रमला.

अन् दोन वर्सानं विमान झालं. असं झालं का… जाऊ द्या, माहे डोये भरून येतेत. काट्यावर चढवलं. काट्यावर कोन? मारोतराव मापारी, तीस वर्सं झाले याच काट्यावर, शेराची चूक नाही. त्यायनं मन लावून मोजलं, पेट्रोलसकट, चिठ्ठी लिवली अन् वरडले: सहा मण चोवीस शेर! मंग मले चढवलं. एक मण सोळा शेर. बराबर आठ! टाया काय, गुलाल काय. बहात्तरचे छप्पन शेर करून बसलो होतो मी, टाया वाजवाचीबी ताकद नव्हती.

त्या गर्दीत माही याडी, म्हनजे माय, सुखीबाई आलती. तिनं विमानाले एक चक्कर मारली, वाकून चाकं पाह्यली, अन् मले हळूच म्हनते, "बेटा, या बैलावर वज्जं जास्त झालं. हा उठत नाही." साऱ्यायले हसू आलं. मलेबी आलं. बुढीले विमानातलं काय समजते?

दुसऱ्या दिवशी पऱ्हाटी उपटलेल्या वावरात, दोन्ही धुऱ्यावर, बांधावर, हे गर्दी, मी बसलो, विमान पयालं. पयालं, पयालं, पयालं… अर्धं वावर सरलं, भोंगा आपोआप वाजून राह्यला, मारोती थरथर कापून राह्यला, अन् एकदम खालचा खडखडाट बंद झाला. चाकं सुटली होती जमिनीपासून! इतभर, म्हनजे एक वीत. इतभरच, पन सुटली हो! मी रडलो. तेवढ्यात खाली बसलं अन् धुरा तोडून सीधं तुरीत.

मले काही लागलं नाही. साऱ्यायनं तुरीतून मले काढलं अन् याडीकडं पाह्यलं. किसनरावानं चिठ्ठी मांगतली. "मारोतराव, सहा मण चोवीस शेर म्हनजे पुरं वजन ना?" मारोतराव म्हनतेत, "पुरं कसं? निव्वळ. कडता कापून."

कडता! तुमी कास्तकार, तुमाले काय सांगा लागते? कापूस काट्यावर चढला का बारदान्याचे इतके, ओलीचे इतके, कचऱ्याचे इतके शेर कापून मंग वजन लिवाचं. तं विमानाले कपडा मढवला होता, त्याचे बारदाना म्हनून वीस शेर कापले. रंग ओला होता, ओलीचे वीस. चाकाले माती होती, कचऱ्याचे दहा. पन्नास शेर, सव्वा मण! तीस वर्सात कडता कापल्याबगर माप लिवलं नाही, म्हने, आजच कसं लिवू? अन् किसनराव काय बोलतीन? धुऱ्यावर सारे कास्तकार उभे, ज्यायचा कडता याच मालकानं जिंदगीभर कापला. ते असे हासले, असे हासले…

मी म्हनलं, मारोतराव, जवा मले काट्यावर चढवलं, माह्या अंगावर सदरा होता, धोतर होतं, घामानं ओला होतो, पायाले माती होती. माहा कडता काहून नाही कापला? तं तो मानूस छातीवर हात ठेवून म्हनते, "फुलचंद, मी मानसाच्या मापात खोट करत नाही."

आता परवाले क्लबाची मिटिंग झाली. सागवान निघत नाही, भागीरथा नाराज होते. मारोती निघत नाही, देव नाराज होते. भोंगा निघत नाही, मालक नाराज होतेत. सव्वा मण कमी करायचे हायेत. सारा क्लब माह्याकडं पाहून राह्यला. छप्पनातून पन्नास गेले तं राह्यते किती? सहा शेर. तेवढा तं मी जलमलो तवाबी असन! अन् सांगू काय, मी नाही म्हनलो नाही. काहून का ते इतभर… ते विसरताच येत नाही.

आला काय वाढपी? बरं, आन बावा, वाढ एक लाडू. पन कडता कापून वाढ.