व्याही, विहीणबाई आणि क्विरीनचे गोळे

...आणि वर बायको मलाच विचारते, "यात एवढं डोक्यात राख घालून घेण्यासारखं काय आहे, एमेराम? एक साधं जेवण तर आहे!"

साधं जेवण! तुम्हाला सांगतो, आमच्या बव्हेरियात साधं जेवण नावाचा प्रकारच नसतो. कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कोणाच्या बाकावर बसून, कुठल्या मोहरीला लावून काय खायचं, हे माणसाचं पाळण्यातच ठरतं. चुकलात तर पोलीस येत नाहीत... शेजारी येतात. पोलीस परवडले!

तर झालं काय, आमची आफ्रा, एकुलती एक लेक, म्युनिकला दातांच्या दवाखान्यात असते, तिनं स्वतःचं स्वतः जमवलं. जमवलं, उत्तम केलं, बापाचे जोडे झिजायचे वाचले. पण मुलगा कुठला? हॅम्बुर्गकडचा! आता डॅन्यूब नदीच्या पलीकडचा कोणीही आमच्या लेखी प्रशियन, म्हणजे उत्तरेचा परकाच, आणि हॅम्बुर्ग तर डॅन्यूबच्या इतकं पलीकडे की पुढे थेट समुद्र. देवानं जमीन संपवली म्हणून, नाहीतर ही माणसं अजून वर गेली असती! मुलगा तसा बरा आहे हो. हेनिंग नाव. उंच, स्वच्छ, कायम हसतोय. पण जेवताना म्हणतो काय, "अतिशय चविष्ट!" अरे बाबा, आमच्याकडे शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं. फारच आवडलं तर "खाता येतंय" म्हणायचं. "अतिशय चविष्ट" म्हटलं की बुर्गल, म्हणजे आमची बायको, लगेच घाबरून विचारते, "का? काय बिघडलंय?"

बरं, या हेनिंगचे आईवडील इटलीला निघालेले, वाटेत एक दिवस आमच्याकडे उतरणार, पहिली भेट, व्याही-विहीण, आणि दिवस कुठला निवडला? सोमवार! अहो, सोमवारी आमच्याकडे निम्म्या खाणावळींच्या दारावर पाटी, "आज विश्रांती". रविवारी इतकं खायला घालतात की सोमवारी स्वतः झोपतात. मी बुर्गलला म्हटलं, "न्यायचं कुठे यांना?" तळ्याकाठी एक नवीन झालंय, तिथे पांढऱ्या सॉसेजचा फेस मिळतो. फेस! तोही शाळेच्या पाटीवर वाढून! खायचा का पुसायचा?

तर बुर्गल म्हणते, "क्विरीनकडे जाऊ की."

क्विरीनकडे.

आता क्विरीन कोण? बुर्गलचा भाऊ, माझा मेहुणा, आणि गावातली एकुलती एक बरी खाणावळ त्याची, सोमवारीही उघडी. त्या खाणावळीत भट्टीशेजारी एक टेबल आहे, नेहमीच्या माणसांचं. तिथे परका बसत नाही, खुद्द महापौर आला तरी उभा राहतो. त्या टेबलाशी माझी खुर्ची होती. होती! एका रविवारी ताटात डुकराचं भाजलेलं मांस, वरची कातडी काय कुरकुरीत, रस्सा काय काळाभोर, आणि शेजारी पाव भिजवून, वळून उकडलेले ते गोळे... अहो, ते कडक! मी आपलं सहज, प्रेमानं विचारलं, "काय रे क्विरीन, आज गोळे तू वळलेस, का पाकिटानं?" झालं! भिंतीवरचं हरणाचं डोकंसुद्धा माझ्याकडे बघायला लागलं. क्विरीन आला, हात पुसले आणि म्हणाला, "ऊठ." बस्स. एक शब्द. तेव्हापासून मी घरात रेडिओसमोर बसून बाटलीतली बिअर पितो. रेडिओ चांगला आहे हो, बोलतो वगैरे... पण पत्ते खेळत नाही.

"मी मरेन, पण त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही," मी म्हटलं.

"बघ बाबा. एक साधं जेवण तर आहे," बुर्गल म्हणाली.

तर सोमवार उजाडला. आफ्रा आणि हेनिंग सकाळीच म्युनिकहून आले. मी ठरवलं, आल्या आल्या पांढरी सॉसेज खायला घालायची, खाटकिणीकडे, त्सेन्झीच्या दुकानामागच्या खोलीत. बिनतोड बेत! फक्त एक अट. पांढऱ्या सॉसेजनं चर्चची दुपारच्या बाराची घंटा ऐकता कामा नये. सकाळी करायची, सकाळीच संपवायची. आणि व्याही पोचले कधी? बारा वाजायला आलेले! रस्त्यात म्हणे वाहनांची रांग. मी गाडीचं दार उघडलं, "या या, नमस्कार, चला, पळा!" व्याही डेटलेफ, मोठे गंभीर गृहस्थ, बंदरात आयुष्य गेलेलं, ते विचारतात, "आग लागली आहे का?" म्हटलं, "नाही, सॉसेज घंटा ऐकेल!" ते थांबले. रस्त्याच्या मधोमध. "घंटा ऐकली तर सॉसेजला नेमकं काय होतं?" आता काय होतं ते कोणाला ठाऊक? आजवर कोणी ऐकूच दिलेली नाही!

बसलो. त्सेन्झीनं वाफाळतं भांडं आणलं, गोड मोहरी, ब्रेत्सेल म्हणजे आमचा वेटोळ्याचा खारा पाव, गव्हाची बिअर. "सकाळी बिअर?" व्याही. "ही बिअर नाही, हा पातळ पाव आहे," मी. आणि मग या सद्गृहस्थांनी काय करावं? सॉसेजचं साल न काढता, चोखून न घेता, सुरीनं कचाकच चकत्या केल्या, सालासकट तोंडात टाकल्या, आणि शांतपणे म्हणाले, "टोमॅटो केचप मिळेल का?"

त्सेन्झीच्या हातातलं फडकं पडलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "एमेराम, हे तुझे कोण?"

"व्याही."

"अगं बाई! आफ्रा... बरी आहे ना?"

तेवढ्यात विहीणबाई. वीबके त्यांचं नाव, बारीकशा, शांत. त्या हळूच म्हणाल्या, "माफ करा हं, मी मांस खात नाही." खाटकिणीच्या दुकानात! त्सेन्झीला वाईट वाटलं, मायाळू बाई हो ती, लगेच म्हणते, "मांस नको? मग अगदी पातळ कापून देते." आणि वर घंटा! ठण्ण! माझ्या सॉसेजनं ऐकली, मी स्वतः पाहिलं, ताटात तिचा रंग उडाला.

आफ्रा माझ्याकडे बघतेय, डोळे भरलेले. "बाबा, तुम्ही निदान चेहरा तरी नीट ठेवा ना!" अहो, चेहरा माझा आहे, केचप त्यांचं आहे!

साधं जेवण...

दुपारी म्हटलं, बिअरच्या बागेत तर काही बिघडणार नाही? चेस्टनटची झाडं, लांब बाकडी, वाऱ्यावर माशांचा वास, काठीला टोचून निखाऱ्यावर भाजतात ते. शिवाय बुर्गलनं घरून टोपली भरून नेलेली, मुळ्याच्या चकत्या, पाव, आणि लोण्यात चीज कालवून, वर कांदा, लाल तिखट... ओबात्सडा म्हणतो आम्ही. विहीणबाईंना चालणारं, मुद्दाम! पण टोपली उघडली आणि व्याही पांढरेफटक. "दुसऱ्याच्या हॉटेलात घरचा डबा?" अहो, बिअर त्यांची आणि डबा आपला, हाच तर नियम! यांना पटेना. टोपली बाकाखाली सरकवली, पायानं झाकली, आणि वाढपीण आल्यावर उभे राहून तिची माफी मागितली! तिनं विचारलं, "बिअर किती?" तर बोटांनी दाखवतात, एवढीशी, छोट्या ग्लासात. ती म्हणाली, "लहान मूल कुठे दिसत नाही... झोपलंय का?" आणि लिटरचा मग ठेवून गेली. आपटून.

आणि मग आभाळ आलं. डोंगरावरून येतं ते असं नको त्या वेळी, व्याह्यांसारखंच. वारा, गारा, टेबलावरचे कागद उडाले, मासेवाला काठ्या घेऊन पळाला. व्याह्यांनी बायकोला धरलं आणि धावले. मी मगाला धरलं आणि धावलो. बुर्गल मागून टोपली घेऊन येतेय, भिजून चिंब, आणि म्हणतेय, "बघ, बघ जरा, माणसं कशी असतात!" अहो, विहीणबाईंना पाय होते. मगाला पाय असतात का?

भिजलो, कुडकुडलो, पोटात काही नाही. सगळे गाडीत कोंबून बसलेले, काचांवर वाफ. एक खाणावळ, पाटी: आज विश्रांती. दुसरी: आज विश्रांती. फेसवाल्याकडे गेलो, मी स्वतःहून गेलो हो, विचार करा काय वेळ आली असेल... त्याचीही विश्रांती! फेस दमला असेल. मागच्या सीटवर हेनिंग आफ्राचा हात धरून बसलेला, आणि ती त्याला हळूच म्हणाली, तिला वाटलं मला ऐकू येत नाही, "यांचं नाहीच जमायचं. आपण लग्न दोघांतच उरकू या. कोणालाच बोलवायला नको."

एकुलती एक पोर. मी गाडी वळवली आणि क्विरीनच्या दारात उभी केली. बुर्गलनं हात पुढे करून माझी कॉलर नीट केली.

आत गेलो. तोच वास, तीच भट्टी, तेच टेबल, माझे चारही दोस्त पत्ते हातात घेऊन बसलेले. मला पाहून चौघांनी एकदम आपापल्या बिअरमध्ये डोकावून पाहिलं, जसं काही आत मासा पडलाय. क्विरीन आला. सगळ्यांशी हस्तांदोलन. माझ्यापाशी आला आणि पुढे गेला. मग बुर्गलला विचारतो, "त्याला काय हवंय?" मी समोर बसलोय! मी म्हटलं, "बुर्गल, त्याला सांग, जे सगळ्यांना तेच." अर्धा तास हे असं टपाल चाललं.

ताटं आली. भाजलेलं मांस, लाल कोबी, आणि गोळे. विहीणबाईंसाठी मुद्दाम, क्विरीननं न सांगता, गोळ्यांवर सायीतले रानातले मश्रूम. मी खाली मान घालून गोळा काट्यानं फोडला. काट्यानंच फोडतात, सुरी लावायची नाही, तो अपमान असतो. व्याह्यांनी? सुरी लावली! दाबली! पुन्हा दाबली! आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा बंदरावरच्या आवाजात म्हणाले, "हा जरा घट्ट आहे, नाही का? आमच्याकडे पाकिटातले मिळतात, ते किती मऊ असतात."

अहो, भट्टीतलं लाकूड तडतडायचं थांबलं. क्विरीन हातात रश्शाचं भांडं घेऊन उभा, त्याची मिशी थरथरतेय. आणि मी... मला काय झालं मला माहीत नाही, मी उठलो होतो, रुमाल गळ्यात तसाच, आणि ओरडत होतो, "पाकीट? पाकीट?! या माणसाच्या स्वयंपाकघरात आजवर पाकीट शिरलेलं नाही! याची आई गोळे वळायची, हा तिच्या कमरेएवढा होता तेव्हापासून वळतोय! घट्ट? गोळा घट्टच असतो! मऊ हवं असेल तर उशी खा!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, गोळा कडक होताच. पण ते मी म्हणायचं! हॅम्बुर्गनं नाही!

व्याही लालबुंद. खुर्ची मागे सरकवली. "वीबके, चल, निघू या." आफ्रानं तोंडावर हात धरलेला. हेनिंगचा काटा हवेतच. मी मनात म्हटलं, एमेराम, गेली... पोर हातची गेली, आणि कशापायी, तर पावाच्या गोळ्यापायी.

आणि विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. तोंडातला घास सावकाश संपवला, ओठ टिपले आणि म्हणाल्या, "खाली बस, डेटलेफ. मी अजून दोन गोळे मागवणार आहे." मग क्विरीनकडे वळून, "लग्न झाल्यापासून मी पाकिटं फोडतेय. यांना दुसरं काही नको असतं, मऊ हवं, मऊ. आज कित्येक वर्षांनी माझ्या दातांना कळलं की आपण जेवतोय."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत आहे? व्याही! आधी नाकातून, मग पोटातून, खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले. "पाकिटांबद्दल तू कधी बोलली नाहीस!" "तू कधी विचारलंस?" मग हेनिंग, मग आफ्रा, ती तर हसतेय की रडतेय कळेना, हेनिंगच्या खांद्यात तोंड खुपसून. क्विरीन आत गेला आणि पेअरच्या दारूची बाटली घेऊन आला, घरची, जी तो फक्त बारशाला आणि मयताला काढतो. व्याह्यांना दिली, एक, अजून एक. तिसऱ्याला ते स्वतःच म्हणाले, "खाता येतंय."

माझ्याकडे मात्र क्विरीन बघत नव्हता. बाटली ठेवली, बुर्गलला म्हणाला, "त्याला सांग, टेबलाशी चौथा भिडू पत्ते नीट टाकत नाही." आणि भट्टीजवळची एक खुर्ची पायानं बाहेर ओढली. गादी तीच होती हो, माझी. कोणालाच दिली नव्हती. मी जाऊन बसलो. दोस्तांपैकी एक म्हणाला, "सरक जरा, उजेड अडवतोस." एवढंच. आमच्याकडे यापेक्षा जास्त कोणी बोलत नाही. मी पत्ते उचलले.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, गोड झालं. थांबा! निघताना व्याही, पेअर चढलेली, माझ्या गळ्यात पडले. "एमेराम, तुम्ही खरा माणूस! आता लग्न आमच्याकडे. समुद्रकाठी. जेवण आमच्या पद्धतीचं!" आणि बुर्गल, माझ्या आधी, "हो हो, नक्की!" मग मी हेनिंगला बाजूला घेऊन विचारलं, पद्धत म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे हेरिंग मासा. जवळजवळ कच्चाच. शेपटीला धरायचा, मान मागे टाकायची आणि आत सोडायचा. मग वाम माशाचं सूप, त्यात सुके आलुबुखारे. मग खारवलेलं मांस, बीट आणि बटाटे चेचून केलेला गुलाबी लगदा, वर अंडं. मी म्हटलं, "हे आधी कोणी खाल्लंय, की सुरुवात माझ्यापासून?" तो हसून म्हणतो, "अतिशय चविष्ट असतं!"

घरी येऊन बुर्गलपुढे हात जोडले. म्हटलं, तिथे मी काय करायचं, तेवढं सांग. ती म्हणाली, "काही नाही. तू मुलीचा बाप आहेस. तिथे तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला."