गयाबाई डोहात उतरली ती सकाळ

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही दिंद्रुडहून, वडवणीहून आलात. गयाबाईच्या माहेरची माणसं इथं पुढंच बसली आहेत. त्यांच्याकडं बघून बोलणं अवघड आहे. पण ती आमच्या महिला दूध सोसायटीची, आणि मी त्या सोसायटीची अध्यक्ष. त्या सकाळी मी डोहावर होते. म्हणून मलाच बोललं पाहिजे.

गयाबाई कशी होती? भांडखोर होती. हसू नका, खरंच होती. दुधाला फॅट कमी लागली की सोसायटीच्या दारात उभी राहून म्हणायची, "अक्का, माझी म्हैस खोटं बोलत न्हाई, तुमचं मशिन बोलतंय." आणि दुसऱ्या बाईची म्हैस व्यायला अडली, की स्वतःची धार अर्धी टाकून तिच्याकडं पळायची.

यंदा विहिरी आटल्या. नदीतली वाळू सगळी उपसून नेलेली, पाणी ठरणार कुठं? राहिला एक डोह. आपली जनावरं तिथं. वरच्या अंगाचं पाणी संपल्यावर एक मगरही तिथंच आली. आधी एक शेळी गेली, मग वासरू. गावाची बैठक बसली. डोहात विषारी औषध टाकायचं, असं ठरत आलं होतं. तेव्हा गयाबाई उठली.

"आरं, औषध टाकल्यावर म्हशी काय पितील? अन् ती मगर तरी हितं कावून आली? तिला दुसरीकडं पाणी हाय का?"

औषधाचं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा बायांना बरोबर घेतलं. बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या आणि उथळ पाण्यात काट्यांचं कुंपण घातलं. जनावरं त्याच्या आत पाणी प्यायची. हात रक्ताळले आमचे, पण त्यानंतर एकही जनावर गेलं नाही.

पण पाणी हटत गेलं, मंडळी. रोज हटत गेलं. कुंपण कोरड्यात राहिलं. जनावरांसाठी टँकर द्या म्हणून आम्ही तालुक्याला गेलो. परत गेलो. "बघतो," म्हणाले.

त्या सकाळी शांताबाईची वगार, अजून न व्यालेली तरणी म्हैस, कुंपणाच्या पुढं गेली आणि गाळात रुतली. शांताबाई एकटी बाई, तिचं तेवढंच एक जनावर. ती रडायला लागली. मी ओरडले, "गयाबाई, जाऊ नको!"

"आत्ता आले, अक्का," म्हणाली. पदर खोचला आणि उतरली. वगारीला मागून रेटलं, पुन्हा रेटलं. वगार सुटली. आणि मगरीनं गयाबाईची मांडी धरली.

आम्ही तिचे हात ओढले, दगड मारले, काठ्या मारल्या. सोडवली तिला. पण वडवणीचा दवाखाना यायच्या आधीच, जीपमध्ये, माझ्या मांडीवर ती गेली. शेवटी एवढंच विचारलं, "वगार निघाली का?"

मी म्हणाले, "निघाली, बाई. निघाली."

गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन डोहाकडं निघाली. मीही म्हणाले, मारा तिला. खोटं कशाला बोलू? पण वनखात्याची माणसं आधी पोहोचली. त्यांनी मगर पकडून पिंजऱ्यात घातली. पोट खपाटीला गेलेलं, पाठीवर गाळ वाळलेला. बाबूरावभाऊ, गयाबाईचे मालक, ऊसतोडीवरून नुकतेच परतलेले. ते पिंजऱ्याजवळ गेले. वाकून आत बघितलं. मला वाटलं, आता दगड घालतात.

त्यांनी विचारलं, "हिला कुठं नेणार?"

वनखात्याचे साहेब म्हणाले, "मोठ्या धरणात. तिथं अजून पाणी आहे."

"न्या," भाऊ म्हणाले. "हिला पाणी घावलं. माझ्या बायकोला कावून न्हाई घावलं, साहेब?"

साहेबांनी पिंजरा गाडीवर चढवायला लावला.

परवा टँकर आला. हौदात पाणी पडलं, जनावरं धावली, आणि आम्ही बाया तिथंच उभ्या राहून रडलो. हेच पाणी मागत होतो आम्ही. हेच. ते यायला एक बाई जावी लागली.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहा. लेकरं रडली तर रडू द्या. बाकी कुणी काही बोलू नका.

गयाबाई, आमचा रामराम घे.