शेकडा पंधरा वजा

आचारी : बाजूला हो ताई, कढई उतरवायचीय. पत्रिका ठेव तिकडे, पिठाच्या डब्यावर.

बहीण : ठेवणार नाही. तोंडी उत्तर घेऊन जायचंय. रविवारी माझा बाप्तिस्मा, मग सगळ्यांचं जेवण. येणार की नाही?

आचारी : अकरा वर्षं या दारात पाय ठेवला नाहीस. पाळकांनी पाठवलं ना?

बहीण : हो. स्वतःहून आले नसते.

आचारी : वा! मनापासून बोलावणं म्हणतात ते हेच.

बहीण : बोलावणं माझं नाहीच. माझं असतं तर तुला नसतं. देवाचं आहे, मी नुसती पोचवतेय.

आचारी : मग देवाला कळव, रविवारी नवी भट्टी लावतोय.

बहीण : शास्त्रात अशीच एक मेजवानी आहे. ताटं मांडून झाली आणि पाहुण्यांचे निरोप आले. एकानं शेत घेतलं होतं, ते बघायला जायचं होतं. दुसऱ्याला नवे बैल जुंपून बघायचे होते. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

आचारी : तिसऱ्याचं पटतं. बिचारा.

बहीण : चौथी तुझी भट्टी.

आचारी : यजमानच कच्चा. शंभर जण ‘येतो’ म्हणाले की पंच्याऐंशींचा स्वयंपाक करायचा. शेकडा पंधरा वजा. धंद्याचा नियम आहे.

बहीण : माहीत आहे. माझ्या लग्नात तोच लावलास. शंभरच्या शंभर आले आणि माझी सासू पाणी पिऊन उठली. अजून ऐकवते.

आचारी : नवखा होतो तेव्हा! आणि माफी मागितली होती मी.

बहीण : हॉलवाल्याची.

आचारी : त्याचा आवाज मोठा होता. ...बरं, त्या यजमानानं पुढे काय केलं? अन्न टाकलं?

बहीण : रस्त्यावरचे आंधळे, पांगळे, सापडेल त्याला आणून बसवलं. एक ताट कापलं नाही.

आचारी : म्हणजे मी रस्त्यावरचा.

बहीण : मीही तिथलीच. तुझ्याआधी उठून आत गेले, एवढंच.

आचारी : बरं बाई, तोंड दाखवून जाईन.

बहीण : ते लहानपणापासून बघतेय. बसून जेवायचं असेल तर ये.

आचारी : आणि नाही आलो तर?

बहीण : तुझं ताट वाढून ठेवणार. सगळे उठेपर्यंत तसंच.

आचारी : वाढलेलं ताट वाया गेलेलं मला बघवत नाही. ठाऊक आहे तुला.

बहीण : मग बघू नकोस. जेव.

(झारा कढईवर आपटल्याचा आवाज.)

आचारी : रांधतंय कोण?

बहीण : आमच्यातलेच चौघं. साठ जण येणार, साठांचाच करताहेत.

आचारी : मला धरून?

बहीण : पहिल्या दिवसापासून.

आचारी : हौशी लोक मीठ विसरतात. सकाळी सहाला येतो, भट्टी सोमवारी बघू. आणि साठांचा नको, सत्तरांचा लावू. रस्त्यावरचे धरलेच नाहीत तुम्ही.