मेहुण्याने तळं स्वच्छ केलं

...आणि वर मलाच विचारतो, "दाजी, आता कसं स्वच्छ वाटतंय?" अरे, स्वच्छ वाटायला ते काय स्वयंपाकघर आहे? खेकड्यांचं तळं आहे ते! तुम्हाला सांगतो, आम्ही चीनमधल्या शिंगह्वाचे लोक खेकडे पोसतो असं तुम्हाला वाटत असेल, तर चूक. आम्ही गवत पोसतो. पाण्याखालचं, लांब पात्यांचं गवत. खेकडे तेच खातात, आणि कवच टाकून मऊ, उघडेनागडे झाले की त्यातच दडून बसतात, नाहीतर भाऊ भावाला खाऊन मोकळा. शिवाय उन्हात पात्यांवरून बुडबुडे सुटतात ना, त्यावर तर सगळ्या तळ्याचा श्वास चालतो.

हे सगळं मी योंगफाला, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाला, सांगितलं होतं हो. पण साथीच्या वर्षांत हा शहरात पाठीवर जंतुनाशकाची टाकी घेऊन जिने फवारायचा. साथ गेली, टाकी काही उतरली नाही. शरदातल्या पौर्णिमेच्या सणापर्यंत म्हणून राहायला आला आणि आल्या आल्या सुरू... दार, जोडे, होडी, कोंबड्या. कोंबड्या हो! आणि हे सगळं धुतलेलं पाणी जाणार कुठे? अंगणाचा उतार तळ्याकडे.

"योंगफा, अरे गवत मरेल."

"गवताला काय होतंय दाजी? औषध जंतूंचं आहे. बघा, आता कसं स्वच्छ वाटतंय!"

आधी पात्यांची टोकं पांढुरकी पडली. मग हिरवेपणा गेला. मग बुडबुडे बंद. मी भर दुपारी होडीत पालथा पडून एक तरी बुडबुडा सुटतोय का बघतोय, आणि पातं हातात घेतलं तर शिजलेल्या शेवयांसारखं गळून पडतंय. वर्षभराचं पोट त्या तळ्यात. आणि हा काठावरून, "दाजी, तळ दिसायला लागला की! आता कसं..."

मी तोंड उघडणार, तोच मागून बायको, "अहो, पाहुणा आहे तो. जरा जपून बोला."

बरं, तळ्याभोवती प्लास्टिकचं गुळगुळीत कुंपण आहे, त्यावर खेकड्याचा पाय ठरत नाही. म्हटलं, गुदमरले तरी पळणार नाहीत, नवं गवत लावू. आणि त्याच संध्याकाळी या महाराजांनी घरातली सगळी पायपुसणी औषधात बुडवली आणि वाळत कुठे घातली? कुंपणावर!

पहाटे बघतो तर रांग लागलेली. इकडून चढतायत, पलीकडे शेजारच्या थाओकाकूंच्या तळ्यात उतरतायत, जिथे गवतातून होडी हलत नाही. पाय पुसून गेले हो माझे खेकडे! हरकत कशी घ्यायची? खेकड्यावर कुणाचं नाव असतं का?

सणाला काकूंनी बोलावलं. "या रे सगळे, यंदा खेकडे काय भरलेत, माझं मलाच नवल वाटतंय." वाफवलेले, लालभडक, सोबत आल्याचं व्हिनेगर. योंगफा एकामागून एक फोडतोय, बोटं चाटतोय, आणि भरल्या पानावर मला म्हणतो, "दाजी, काकूंकडून जरा शिका. पाणी एवढं घाण, पण माल बघा."

माझाच खेकडा होता, तोंडात घातला आणि काकूंना म्हटलं, चव छान आहे.