बिनलॅमिनेशनचा फोटो

नाही भाऊ, झाकन तसं आपटू नका—हां, हळू, असं. सेंसर हाय तिथं. तो बिघडला का झाकन लावलं तरी म्हन्ते उघडं हाय, अन् मंग कितीबी डोस्कं फोडा, छापत नाही. बसा नं, खुर्ची घ्या. भंडाऱ्याहून आलात तं ठोकून-बजावून पाहून घ्या, मी काही लपवत नाही. मोबाईलवर आमच्या ह्यांनी टाकलं इकाचं म्हनून, पन चालवत मीच होती—कास्टचे कागद, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, सारं ह्याच पिंटरवर. ह्यांचं म्हननं, आजच्या आज जाऊ दे मशीन, घरात नको. उद्या मले ठाण्यात जावाचं हाय बयानाले, त्याच्या आधी नेलं पाह्यजे कोनी. बयान? ते आमचं घरचं हाय, सोडा. तुमी घरूनच विम्याचं काम करता म्हन्ता नं? मंग असाच पाह्यजे तुमाले. लेझर घेसान तं काळं भराभर निघते, पन कलरवाला लेझर घरच्या कामाले परवडत नाही, अन् कार्टिजवाल्याची शाई आज भरली का उद्या संपते. हा टाकीवाला हाय. बाटली उपडी केली का झालं.

पन ह्याची एक खोड हाय, आधीच सांगते—ह्याले रोज चालवा लागते. एक पान का होईना, कलरमंदी काढा लागते. ठेवला बंद का शाई तोंडापाशीच सुकते, अन् मंग पट्टे पट्टे येतेत. आताच पाहा, पहिलं पान पट्ट्याचंच येईन. तेरवीपासून कोनी हात नाही लावला त्याले. हे पाहा, नोझल चेक काढते, शाईचे छेद मोकळे हाय का ते दिसते—निळा पुरा आला, पिवळा पुरा, काळा बी चांगला, गुलाबी मधात तुटला. घाबराचं काही नाही, क्लिनिंग केली का येते. घर्र घर्र करन थोडा वेळ, करू द्या. शाई पिते क्लिनिंगमंदी, पन उपाय नाही. कोनाची तेरवी? सासऱ्याची. मनिराम. तुमी पेपरात वाचलं असन, शहापूरचा म्हनून आलं होतं—हो, तेच. हेच घर. अवो, उठू नका भाऊ, बसा, आता काही नाही होत. जे व्हाचं होतं ते तेरवीच्या दिवशी आंगनात होऊन गेलं. डाग होते, ते बी आत्याबाईनं, माह्या सासूनं, शेनानं सारवून टाकले.

लाल? नाही, लाल बाटली नसते भाऊ. चारच असतेत—काळी, निळी, गुलाबी, पिवळी. गुलाबी अन् पिवळी मिळून लाल होते. मामाजीचा, म्हंजे सासऱ्याचा, तेरवीचा फोटो ह्याच्यावरच काढला मी, त्यात डोक्शाले लाल दुपट्टा होता, मंडईच्या जत्रेतला फोटो होता तो, पान खाऊन हासत होते. भल्ला लाल आला होता, मीच मनातल्या मनात म्हटलं का वा, कलर पाहा कसा आला. आमी ढिवर, भाऊ. तलावावर जिनगी जाते आमची. मामाजी अखेरपर्यंत डोंगा वल्हवत होते. म्हनत, लिलाधर पंख्याखाली बसून कागद काळे करते, माह्या डोंग्यावर कवडूच बसन. लिलाधर म्हंजे आमचे हे. कवडू माहा लहाना देवर. हे त्यांनी चारचौघांत म्हटलं, मासोयीवाल्याईच्या सोसायटीच्या मिटिंगमंदी, अन् वरून म्हटलं का ह्याले जाळं फेकता येत नाही, पोट्टी बरी. लोक हासले. हे घरी आले अन् जेवनाची थाळी अशी भिताडावर मारली का वरन आजून चिकटलं हाय तिथं, पाहा, त्या कॅलेंडरच्या बाजूले. मंग काही दिवसानं मामाजी तलावाच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याशी, सापडले. डोस्कं फुटून. सारे म्हनत पाय घसरला, गोट्यावर पडला बुढा. डॉक्टर म्हने पडून असं फुटत नाही, मारलं हाय, मागून मारलं, अन् एकडाव नाही मारलं.

मंग गावात एकच गोष्ट—कोनं मारलं. पोलीस येत, चहा पीत, इचारत, जात. आता पाहा, क्लिनिंग झाली. काढा पुन्हा नोझल चेक. आला का नाही गुलाबी? म्हटलं नं मी. आता कलर टेस्ट पाहा, हे पोपटाचं चित्र हाय, खाली काळ्यानं नाव, साध्या कागदावर काढते, म्हंजे तुमाले खरा अंदाज येईन. दुकानवाले चकचकीत फोटो पेपरवर काढून दाखवतेत, त्याच्यावर कोनताबी पिंटर चांगलाच दिसते. साध्या कागदावर पाहा. घ्या, पाहा. पंखाचा हिरवा थोडा फिका हाय, पन चोच पाहा.

पान्यात टिकते का? हे बरं इचारलं तुमी, कोनी इचारत नाही. थांबा, दाखवूनच देते. हे ग्लासातलं पानी—पाहा टाकलं. पाहा. खालचं काळं नाव जसंच्या तसं, अन् पोपट चालला वाहून. काळी शाई हाय नं, ती वेगळी असते, कागदावर बसून राह्यते. कलरवाली पान्यासारखीच असते, पानी लागलं का सुटते. म्हनून मी कोनाचाच कलर फोटो लॅमिनेशनबिगर देत नाही. तेरवीचा फोटो तं नाहीच. आमच्याकडं रीत हाय भाऊ, तेरवीले पोरगे तलावाचं पानी आनतेत गुंडात, अन् बापाच्या फोटोवर ओंजळीनं सोडतेत, का बापा, तुही तहान भागू दे, आता मांगं पाहू नको. आधी मोठा, मंग लहाना. काचेची फ्रेम नसली का लॅमिनेशन लागतेच. गावातले सारे ह्याच कारनानं माह्याकडं येत, का रीना पक्का फोटो देते, पान्यानं जात नाही म्हनून.

मामाजीचा गेला. सारा मांडव भरला होता, पंगत बसाची होती, पत्रावळ्या मांडल्या होत्या. फोटो पाटावर होता. आधी ह्यांनी पानी सोडलं—खाली, पायापाशी, हारावर, हळूच. मंग कवडू आला. त्या बिचाऱ्यानं ओंजळ भरून सरळ डोक्शावर सोडली, रडत होता, बापा बापा करत होता. अन् तो लाल दुपट्टा सुटला, भाऊ. डोक्शातून लाल धार खाली आली, कपाळावरून, नाकावरून, तोंडात गेली. डोळे तसेच्या तसे, मिशा तशाच काळ्या, कारन काळं सुटत नाही नं—डोळे कवडूकडं पाहून राहिले, अन् सारं रगत रगत. आत्याबाईनं हंबरडा फोडला. अन् हे वरडले. का बाप बोलला. बापानं दाखवलं कोनं मारलं ते. ज्याच्या हातचं पानी पडलं त्यानंच मारलं.

मंग मांडवाचे बांबूच उपटले लोकांनी. मी आजपर्यंत असं मारताना नाही पाह्यलं भाऊ, मासोयीले बी नाही मारत आमी असं. पहिला बांबू ह्यांनीच घातला, तोंडावर. दात उडून पत्रावळीत पडले. कवडू म्हने दादा, फोटो पाहा, शाई हाय शाई—दादा दादा म्हने अन् हे मारून राहिले. मंग सारे. ज्याईच्यासंग तो जाळं ओढे तेच. हात मोडताना आवाज आला, वायलेलं लाकूड मोडते तसा. बाया बी होत्या, चपला घेऊन. पडला तं छातीवर उभे झाले. एकानं पाय धरून ओढत नेला तलावाकडं, का जिथं बाप मारला तिथंच टाका ह्याले. पोलिसांची गाडी आली म्हनून वाचला, नाहीतं संपलाच होता. आता हाय भंडाऱ्याले दवाखान्यात, तोंडात नळी, एक डोळा गेला, अन् खाटेपाशी पोलीस बसला, का उठला का धरू म्हनून. साऱ्या गावानं बयान देल्लं का ह्यानंच बाप मारला, फोटोनं सांगतलं. राह्यली मी. फोटो मी काढला नं. साहेब म्हने, बाई, तुमी सांगा, फोटोतून लाल कसं आलं.

मी उभीच होती भाऊ. भातानं भरलेलं पातेलं हातात धरून. मले माहीत होतं शाई हाय, सगळ्यात आधी मले माहीत होतं, कवडूच्याबी आधी. तोंडातून शब्द नाही निघाला. काहून नाही निघाला ते मी कितीडाव मनाले इचारलं.

लॅमिनेशन काहून नाही केलं? केलं होतं असंच सांगाचं हाय उद्या. ह्यांनी घोकून घेतलं माह्याकून—फोटोले लॅमिनेशन होतं साहेब, लॅमिनेशन केल्यावर कलर जाऊच शकत नाही, म्हंजे ते रगतच होतं. असं. तो फोटो तं त्या गर्दीत पायाखाली फाटून गेला, पाहाले काही राह्यलं नाही. तीन खेपा म्हनवून घेतलं, काल जेवल्यावर, गळा धरून. म्हनून तं म्हन्तेत पिंटर इकून टाक, मशीनच नाही तं पाहाले काय येईन कोनी. पन तुमी इचारलं तं तुमाले सांगते, तुमी परगावचे मानूस. लॅमिनेशन नव्हतं. लॅमिनेशनची मशीन तापवली होती मी, फोटो घालनारच होती, अन् ह्यांनी हात धरला. का राहू दे, लॅमिनेशननं चमकते, बुढ्याचं तोंड दिसत नाही नीट. मी म्हटलं, पान्यानं जाईन. हे म्हने, जात नाही. अन् ह्यांले माहीत हाय भाऊ, जाते ते. ह्याच टेबलावर पानी सांडून कितीडाव पत्रिका खराब केल्या ह्यांनी. माहीत होतं म्हनून तं सोताची ओंजळ खाली सोडली, पायापाशी.

पाहा, काय बोलून गेली मी. नाही, असू द्या. बसा. आता निघालंच तोंडातून तं पुरं आयका. मामाजी सापडले त्या दिवशी सकाळी ह्यांनी सोताचे कपडे सोता धुतले. चहाचा कप उचलत नाही तो मानूस. मी म्हटलं असन, चिखलात पडला असन. अन् काल गळा धरून मले म्हने—जो बापावर हात उचलू शकते तो बायकोले सोडन का, तूच इचार कर. मले वाटलं कवडूचं सांगून राहिले, का तो किती बेकार मानूस हाय. मान हालवली मी. मंग भांडे घासाले बसली अन् हात थांबला माहा. कवडूचं तं लगनच नाही झालं, भाऊ. कवडूले बायको कुठी हाय.

रातभर झोपली त्याच्या बाजूले. लिलाधरच्या बाजूले. नाव नाही घेत आमी नवऱ्याचं, पन आता कायचं काय राह्यलं. कवडू बोलू नाही शकत, बोलला तरी कोन मानन. आत्याबाई तं लहान्या पोराचं नाव काढलं का थुकते. म्हंजे एक मी, अन् एक हा पिंटर. आतापर्यंत मी बी मनात धरून होती का इकून टाकू, जाऊ दे बला. आता पोपट वाहताना पाह्यला अन्—नाही भाऊ. इकाचा नाही मले. हा उद्या माह्यासंग ठाण्यात येते, ऑटोत घालून. साहेबापुढं मामाजीचाच फोटो काढते, मोबाईलमंदी हाय, अन् पानी टाकते त्याच्यावर, म्हन्ते पाहा. ज्याले मारलं त्यानं नाही मारलं. मंग माहं काय व्हाचं ते होवो.

थांबा. गाडीचा आवाज हाय नं हा? बोलू नका. त्याचीच हाय. बाजारातून इतक्या लवकर आला कसा काय. भाऊ, आयका, हा पोपटाचा कागद घडी करा अन् खिशात घाला—घाला, ओला हाय तं असू द्या. माहं एवढं काम करा. तो इचारन, का कसा हाय पिंटर. तुमी सांगजा खराब हाय. सांगजा कलर फाटते, हेड गेलं, फुकटात बी नको मले. तुमी चांगला म्हनसान तं आताच्या आता तुमच्या गाडीवर बांधून देईन तो, अन् मी उद्या रिकाम्या हातानं जाईन, अन् तिकडं कवडू मरन. अन् दुसरं काही त्याले कळलं तं मी इथंच मरन. माह्याकडं पाहू नका बोलताना. पिंटरकडं पाहा. घाम पुसा तोंडाचा.

—आलात का जी, बरं झालं. हे भाऊ आलेत भंडाऱ्याहून, मशीन पाहाले. नाही, पसंत नाही पडून राहिला ह्यांले. मी काय सांगू, तुमीच इचारा नं. काय खराबी निघाली, सांगा भाऊ ह्यांले.

सांगा नं, भाऊ.