सशाचा पाव

जर्मनीतल्या आमच्या फोल्कलिंगेनच्या जुन्या लोखंड कारखान्याचं आता संग्रहालय झालंय, तिकीट काढून आत जावं लागतं. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि कॅनडाहून आलेला तिचा धाकटा भाऊ.

"बाबांच्या भट्ट्या बघायला आपल्याला तिकीट! काय दिवस आले, ताई."

"अल्विन, किती कुरकुर करतोस! घे, पाव खा."

"लोणी आणि सॉसेज? अगं, हा तर सशाचा पाव!"

"आठवतो ना?"

"न आठवायला काय झालं? बाबा पाळीवरून आले, की डब्यातला उरलेला तुकडा काढायचे. म्हणायचे, वाटेत ससा भेटला, त्यानं तुमच्यासाठी दिलाय. कडक झालेला असायचा, धुराचा वास यायचा, तरी आपली मारामारी."

"मोठा तुकडा तूच ओढायचास, हावरट."

"मी परदेशी गेलो आणि ते बंद झालं असेल."

"छे! रिटायर झाल्यावरही सकाळी पाव बांधून गावाबाहेरच्या आपल्या भाजीच्या बागेत जायचे. संध्याकाळी अर्धा परत."

"मग तो कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मागच्याच गल्लीत तर राहत होते मी. घरी जाताना माझ्या दारावरून जायचे."

"अगं, तेव्हा तू दोन पोरांची आई होतीस!"

"होते की."

"आणि घ्यायचीस?"

"घ्यायचे तर! दारातच उभी असायचे. लांबूनच ओरडायचे, बाबा, आज ससा भेटला का?"