स्वभावात फरक कधी पडला

राजलक्ष्मी: म्हणजे आमच्या यजमानांच्या मेंदूत सापडलं तुम्हाला ते?

वीणा: हो अक्का. विसरण्याच्या आजारातली दोन प्रकारची प्रोटीन्स, गुठळ्या होऊन साचलेली. गेल्या वर्षी ते वारल्यावर तुम्ही मेंदू आमच्या लॅबला दिलात, म्हणून कळलं.

राजलक्ष्मी: औषध निघेल?

वीणा: लगेच नाही. पण सुरुवात कशी होते ते समजलं, तर पुढं निघू शकेल. म्हणून हा फॉर्म आणलाय. स्वभावात पहिला फरक कधी पडला?

राजलक्ष्मी: नव्वद साली. चामराजपेटेत बँडवाल्यांचे कोट शिवावेत तर ह्यांनीच. एका कोटाला तिसरी बाही लावून बसले. त्या दिवशी दुकान बंद केलं.

वीणा: ते विसरणं झालं. मी स्वभावाचं विचारतेय. प्रोटीन त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच साचायला लागत असावं, असं आम्हाला वाटतं.

राजलक्ष्मी: म्हणजे चौऱ्याऐंशी त्यातच आलं.

वीणा: चौऱ्याऐंशीत काय झालं होतं?

राजलक्ष्मी: तीस वर्षं हा माणूस माझ्याशी धड बोलला नाही गं. मीठ कमी पडलं की ताट सारायचं, उठायचं. मग माझा हात मोडला. प्लास्टर घातलेलं. एका सकाळी फणी घेऊन मागच्या पायरीवर बसले. म्हणाले, ये, स्वल्प डोकं इकडं कर. रेशमी अस्तर धरावं तसे केस धरायचे. वेणी शिकले, मल्लिगेची फुलं माळायला शिकले. प्लास्टर निघालं, तरी रोज सकाळी पायरीवर हजर. मला वाटलं, उशिरा का होईना, माणूस माझा झाला.

वीणा: अक्का...

राजलक्ष्मी: खरं सांग. ते ह्यांचं होतं, का त्या प्रोटीनचं?

वीणा: स्लाइडवर ते दिसत नाही.

राजलक्ष्मी: तुमच्या मोठ्या डॉक्टरांना?

वीणा: त्यांनाही नाही सांगता येणार. आजारानं कुणी चिडचिडं होतं, कुणी मऊ. आणि आजार नसतानाही माणसं बदलतात.

राजलक्ष्मी: शेवटी ह्यांच्या आठवणीतून माझं नावही गेलं. फणी दिसली की हात तेवढा पुढं यायचा.

वीणा: मी नव्वदच लिहिते. चालेल तसं.

राजलक्ष्मी: नको. खोटं लिहून औषध कसं निघणार? चौऱ्याऐंशी लिही. बायकोची वेणी घालायला लागले, असं लिही.

वीणा: सरी, तसंच लिहिते. आणि खाली 'संभाव्य कारण' म्हणून एक ओळ आहे.

राजलक्ष्मी: ती रिकामी सोड. ती माझ्याकडं असू दे.